दीनमित्रकार मुकुंदराव पाटील : खेड्यात राहिलेली लेखणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस लेख लिहिण्याची आज्ञा केली व विषय निवडण्याची मोकळीकही दिली. मोकळीक मिळाली म्हणजे लिहिणे सोपे होते असे नाही. आमच्या गोसीखुर्दच्या परिसरात कोणताही विषय काढला, तरी बोलणे अखेरीस धरणापाशी येऊन थांबते. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाची कोनशिला बसविली गेली. पुढे वैनगंगेवर 33 दरवाज्यांचे धरण उभे राहिले, कालवे निघाले, आणि भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील कितीतरी गावांना आपली जुनी जागा सोडावी लागली. ज्यांना पाणी मिळाले त्यांनी नदीला हात जोडले. ज्यांचे घर गेले त्यांनीही नदीलाच हात जोडले, पण डोळ्यांत निराळे पाणी आणून.

या स्थलांतरात जमीन मोजली गेली, घरे मोजली गेली, विहिरी व झाडेही मोजली गेली. घराघरांतील जुन्या पेट्यांत असलेले कागद मात्र कोणीच मोजले नाहीत, आणि त्यास दुसऱ्या कोणाचा दोष नाही. आमच्याच घरची गोष्ट सांगतो. सामान हलविण्याच्या घाईत माळ्यावरची एक पत्र्याची पेटी आम्ही खाली उतरविली. आत वडिलांच्या वह्या, समाजाच्या सभांची इतिवृत्ते, जुन्या पत्रांचे व मासिकांचे अंक, आणि वाळवीने कडा खाल्लेली काही चोपडी होती. बैलगाडीत जागा नव्हती. आम्ही स्वतः ती सारी रद्दी तोलून देऊन टाकली. त्याचे किती पैसे आले, हेही आज आठवत नाही. वडिलांच्या एका वहीत वर्गणीच्या हिशेबाखाली ‘दीनमित्र’ असे एक नाव लिहिलेले आम्ही लहानपणी पाहिले होते, एवढे मात्र पक्के आठवते. ते नाव कशाचे, हे विचारण्याचे आम्हांस तेव्हा सुचले नाही. आणि सुचले तेव्हा विचारावयास वडीलही नव्हते व पाहावयास वहीही नव्हती.

त्या एका नावाचा मागोवा घेता घेता जे हाती लागले ते समाजबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘दीनमित्र’ हे एका साप्ताहिकाचे नाव होय, आणि त्याचे संपादक मुकुंदराव गणपतराव पाटील. जन्म 1885, मृत्यू 1967. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे एक लहान गाव आहे. तेथे बसून या गृहस्थांनी सुमारे अर्धशतकाहून अधिक काळ पत्र चालविले. कादंबऱ्या लिहिल्या, ओवीबद्ध काव्ये रचली, निबंध लिहिले, उपहासाची सदरे चालविली. मुंबई-पुण्यात राहून हे सारे करणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ होऊन गेले. खेडे न सोडता करणारा हा एक. भारतात खेड्यातून निघालेल्या पहिल्या वृत्तपत्राचा मान ‘दीनमित्रा’स दिला जातो, तो यामुळेच.

नेवासे तालुका म्हटला की मराठी माणसास प्रवरेचा काठ आणि ज्ञानेश्वरी आठवते. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, तो ग्रंथ तेथे सिद्ध झाला. आमच्याकडे वैनगंगेच्या वरच्या अंगास अंभोरा आहे. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये ‘विवेकसिंधु’ तेथे रचला असे विदर्भातील परंपरा मानते. अंबेजोगाईकर आपला हक्क सोडीत नाहीत, तो वाद विद्वानांनी मिटवावा. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, मराठी भाषेतील थोर ग्रंथ राजधानीत जन्मले नाहीत, नदीकाठच्या लहान वस्त्यांत जन्मले. मग त्याच मातीत सहाशे वर्षांनी एखाद्या खेडुताने लेखणी उचलली तर लोकांना नवल का वाटावे? तरीही वाटले. कारण मधल्या काळात लेखणी ही काही थोड्या घराण्यांची मिरास झाली होती, आणि शेतकऱ्याच्या हातात ती दिसली की पाहणाऱ्यास चुकल्यासारखे वाटे.

मुकुंदरावांची लेखणी आकाशातून पडली नाही. तिच्या पाठीशी दोन पिढ्यांची वाट होती व ती वाट आपल्या समाजातील मंडळींनी काट्याकुट्यांतून पाडली होती. 24 सप्टेंबर 1873 रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. त्यांचे एक तरुण सहकारी कृष्णराव भालेकर हे पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे. समाजाचे विचार लोकांपर्यंत न्यावयाचे तर स्वतःचे पत्र हवे, हे भालेकरांनी ओळखले व 1 जानेवारी 1877 रोजी ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले. त्या वर्षी दख्खनेत भीषण दुष्काळ होता. माणसे अन्नासाठी गाव सोडीत होती. अशा वेळी शेतकऱ्यांसाठी वर्तमानपत्र काढणे हा व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाच. वर्गणी द्यावयाची त्याच्याच घरात दाणा नाही! पत्र चालविता चालविता भालेकर मेटाकुटीस आले, आणि 1880 साली ‘दीनबंधु’ मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती गेले. लोखंड्यांनी ते वाढविले. गिरणी कामगारांची संघटना त्यांनी 1884 मध्ये उभारली, आणि 1890 मध्ये कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्याच खटपटीने. आज रविवारी घरी बसून जो वर्तमानपत्र वाचतो, त्याने त्या सुटीमागे एक वर्तमानपत्रवाला उभा होता हे विसरू नये.

तथापि आपल्या माणसाचे आपले पत्र असले म्हणजे लेखणी मोकळी होते, असेही नाही. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मध्ये लिहून पुरा केला. त्यातील आरंभीची प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढची छापण्याचे थांबविले. भाषा फार झोंबणारी होती, सरकारी रोषाचे भय होते. लोखंडे भित्रे नव्हते. एका पत्रावर किती लोकांचा संसार चालतो आणि एका लेखाने ते कसे बंद पडू शकते, याची चिंता त्यांस होती. परंतु जोतीरावांस ते लागले. स्वतंत्र लेखक आणि जबाबदार संपादक या दोघांची ओढाताण कशी असते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. पुढे मुकुंदरावांच्या वाट्यास या दोन्ही भूमिका एकट्यानेच आल्या. लिहिणारेही तेच आणि काय छापावयाचे ते ठरविणारेही तेच!

हे मुकुंदराव म्हणजे कृष्णराव भालेकरांचेच पुत्र. तरवडीच्या पाटील घराण्यात ते दत्तक गेले. त्या घराण्यातील गणपतराव पाटील यांनी 1888 साली ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले होते. याच मासिकात भालेकरांची ‘बळीबा पाटील’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याचे जिणे हाच जिचा विषय, अशी ती मराठीतील अगदी आरंभीची कादंबरी होय. त्या सुमारास मराठी कादंबरीत राजपुत्र, मंजुळ पाखरे आणि चमत्कार यांचा सुकाळ होता. दुष्काळात होरपळलेला पाटील हा कादंबरीचा नायक होऊ शकतो, हे भालेकरांनी दाखवून दिले. गणपतराव अल्पायुषी ठरले व मासिक बंद पडले. अशा रीतीने मुकुंदरावांस जन्माने एका संपादकाचा वारसा मिळाला व दत्तकाने दुसऱ्याचा. एका बापाने ‘बंधु’ दिला, दुसऱ्याने ‘मित्र’ दिला. ‘दीन’ मात्र दोघांचेही एकच.

1910 साली कृष्णराव भालेकर वारले. त्याच वर्षी मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिकाच्या रूपाने पुन्हा उभे केले. आरंभी ते सोमठाण्याहून निघाले व पुढे तरवडीस आले. हा काळ ध्यानी घेतला पाहिजे. त्याच वर्षीच्या आरंभी सरकारने नवा मुद्रण कायदा आणला होता. छापखाना काढावयाचा तर पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यास मिळाला, आणि मजकूर आक्षेपार्ह ठरल्यास तो जामीन जप्त होई. ज्या काळी शेतमजुराची दिवसाची मजुरी आण्यांत मोजली जाई, त्या काळचे हे रुपये. पंचवीस वर्षांच्या तरुणाने असा मुहूर्त साधावा, यास धाडस म्हणावे की हट्ट म्हणावा? आमच्या मते दोन्ही.

आता खेड्यातून पत्र चालविणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या तरुणांस यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तेव्हा एकेक अक्षराचा शिशाचा खिळा हाताने उचलून ओळ जुळवावी लागे. मराठीची जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या यांमुळे इंग्रजीच्या कित्येक पट खिळे लागत, आणि एखादे अक्षर संपले तर ते खेड्यात कोठून आणणार? जुळारी आजारी पडला तर संपादकाने स्वतः उभे राहून खिळे जुळवावेत. कागद शहरातून यावयाचा, तो पावसाळ्यात गाडीवाटेने आणावयाचा, ओला झाला तर आठवडा वाया. अंक छापून झाला की घड्या घालणे, पत्ते लिहिणे, तिकिटे चिकटविणे आणि टपालात पोचविणे. हे सर्व झाले की पुढच्या अंकाचा अग्रलेख समोर उभा असावयाचाच. 1910 पासून 1967 पर्यंत सत्तावन्न वर्षे होतात. आठवड्यास एक अंक धरला आणि मध्यंतरी खंड पडले असे मानले, तरी हा हिशेब दोन-अडीच हजार अंकांच्या घरात जातो. दोन महायुद्धांतील कागदाची टंचाईही या हिशेबातच आली.

एवढे सोसून लिहिले ते कोणासाठी? 1911 च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरांत सुमारे सहा माणसांस लिहिता-वाचता येत होते. शेतकरी समाजात, आणि त्यातही स्त्रियांत, हे प्रमाण आणखी खालीच असणार. म्हणजे मुकुंदरावांचा जो वाचक, तो बहुतांशी वाचणारा नव्हताच. तो ऐकणारा होता. गावात एखादा शाळा शिकलेला मुलगा चावडीवर वा देवळाच्या ओट्यावर अंक वाची आणि दहा-वीस माणसे ऐकत, ही त्या काळची रीत. मुकुंदरावांच्या लेखनात इतके प्रकार का आढळतात, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते.

काही टीकाकार असे म्हणतात की, जो सर्व प्रकारांत लिहितो त्याचा एकही प्रकार पुरा पिकत नाही. आज कादंबरी, उद्या काव्य, परवा निबंध, मध्येच विनोद. याला साहित्याची साधना म्हणावे काय? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मुकुंदरावांच्या कादंबऱ्या निव्वळ कलेच्या तराजूत टाकल्या तर काही ठिकाणी उपदेशाचे पारडे जड भरेल, हे आम्ही मान्य करतो. पण मळेकऱ्यास विचारा. एकाच वाफ्यात वांगी, मिरची, मेथी व कडेने झेंडू तो का लावतो? जमीन थोडी, घरची तोंडे अनेक आणि बाजार रोजचा. एक पीक गेले तर दुसरे हात देते. मुकुंदरावांच्या लेखनातील विविधता ही हौसेच्या बागेतली नव्हे, ती पोटाच्या मळ्यातली होती. प्रत्येक ऐकणाऱ्याच्या कानास जे रुचेल आणि पचेल, ते त्यांनी त्याच्या त्याच्यासाठी लावले.

त्यांच्या काव्यग्रंथांची नावेच पाहा. ‘कुलकर्णी लीलामृत’, ‘शेटजीप्रताप’, ‘देशभक्त लीलासार’. ज्यांनी घरात पोथ्या ऐकल्या आहेत त्यांच्या हे लगेच ध्यानी येईल. श्रीधर कवीचे ‘शिवलीलामृत’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ महाराष्ट्रात घरोघरी लागत. महिपतीबुवांचे ‘भक्तलीलामृत’ही तसेच, आणि महिपती तर ताहराबादचे, म्हणजे नगर जिल्ह्याचेच. श्रावणात पोथी लावावयाची, एकाने वाचावयाची, बाकीच्यांनी हात जोडून ऐकावयाची, ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. मुकुंदरावांनी ही सवयच उचलली. तीच ओवी, तोच थाट, तोच अध्यायांचा बांधा. फक्त लीला देवाची नव्हे, गावच्या कुलकर्ण्याची! प्रताप पांडवांचा नव्हे, सावकाराचा! अक्षरशत्रू कुणब्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले जाते, खात्यात एकाचे दोन कसे होतात, दस्तऐवज कसे फिरतात, हे सारे त्यांनी पोथीच्या चालीवर सांगितले. ‘कुलकर्णी लीलामृत’ 1913 साली प्रसिद्ध झाले. ज्याला निबंध समजला नसता त्याला ओवी समजली, कारण ओवी त्याच्या कानास आईच्या जात्यापासून ठाऊक होती.

यात अतिशयोक्ती नव्हती काय? उपहासात ती असतेच. सारेच कुलकर्णी वाईट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि आज तसे म्हणण्याचे कारणही उरले नाही. परंतु त्या लिखाणामागची पीडा खोटी नव्हती. पुणे व नगर या जिल्ह्यांत 1875 साली सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे बंड झाले. जमावांनी माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर भर दिला. त्यांचे वैर कागदाशी होते, कारण कागदाने त्यांची जमीन नेली होती. सरकारला 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. पुढे 1918 मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. तेव्हा मुकुंदरावांनी पाच वर्षे आधी जे ओव्यांत सांगितले, ते काही एकट्याच्या डोक्यातले खूळ नव्हते. आमच्या मनात मात्र त्यातून एक निराळाच विचार येतो. ज्या शेतकऱ्याच्या आज्याने कागद जाळला, त्याच शेतकऱ्याच्या नातवाच्या हाती मुकुंदरावांनी कागद दिला आणि सांगितले, हा जाळू नकोस, हा वाच. कागदाचे भय घालविण्याचा खरा उपाय तो हाच.

कादंबरी त्यांनी लिहिली ती घरात बसून वाचू शकणाऱ्या तरुण पिढीसाठी. ‘होळीची पोळी’ आणि ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ या त्यांच्या कादंबऱ्यांच्या नावांतूनच त्यांच्या विनोदाची जात कळते. दांभिकपणा दिसला की त्याची टोपी उडवावयाची, पण ती अशी की बघ्यांस हसू यावे. ‘दीनमित्रा’तील ‘आसूडाचे फटके’ हे सदर तर जोतीरावांच्या ग्रंथाची आठवण जागी ठेवणारेच होते. अर्धवट छापून राहिलेल्या त्या असूडाची दोरी जणू मुकुंदरावांनी दर आठवड्यास पुन्हा वळली. अग्रलेखांत त्यांनी शिक्षणाचा प्रश्न, शेतीचा प्रश्न, धर्मातील रूढींचा प्रश्न, असे विषय हाताळले. आणि लग्नकार्यात, दिवसवारात, तेराव्यात कर्ज काढून पैसा उधळू नये, हे आपल्याच लोकांस सुनावण्यासही ते कचरले नाहीत. दुसऱ्यांवर कोरडे ओढणे सोपे असते. वर्गणीदारालाच कोरडा लगावणारा संपादक विरळा.

त्या काळी या वाटेने जाणारे ते एकटे नव्हते. बडोद्यास भगवंतराव पाळेकरांनी 1917 मध्ये ‘जागृति’ सुरू केले, पुण्यास श्रीपतराव शिंद्यांनी ‘विजयी मराठा’ काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघाला आणि तीन-साडेतीन वर्षांत बंद पडला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1921 मध्ये ‘प्रबोधन’ काढले, तेही दशकभराच्या आत थांबले. यांपैकी कोणाची बुद्धी कमी होती, की कोणाची तळमळ? मुळीच नाही. पत्रे बंद पडतात ती विचार संपले म्हणून नव्हे. बहुधा वर्गणी थकली म्हणून. ‘दीनमित्र’ मात्र संपादकाच्या हयातीबरोबर चालत राहिला, याचा विचार आपण केला पाहिजे. शहराच्या मानाने खेड्यात गरजा थोड्या, आणि संपादक वाचकांमध्येच राहणारा. तो ज्यांच्याविषयी लिहितो ते त्याच्या बांधावर भेटतात, खोटे लिहिले तर तोंडावर विचारतात, खरे लिहिले तर पोतेभर दाणे कमी असतानाही वर्गणीचा रुपया बाजूला काढतात. आमच्या मते ‘दीनमित्र’च्या दीर्घायुष्याचे मर्म यातच असावे.

येथे एका प्रश्नास आम्हांस सामोरे जाणे भाग आहे. ही स्मरणिका आपल्या माळी समाजाची. मुकुंदराव आपल्या समाजातले, म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो. परंतु ज्या सत्यशोधक विचारासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याने जातीचा अभिमान मानला काय? नाही मानला. त्यांनी पत्राचे नाव जातीवरून ठेवले नाही, ‘दीनां’वरून ठेवले, आणि दीन सर्व जातींत असतात. आज ते या सभागृहात आले असते तर आपल्या हाराचा स्वीकार करण्यापूर्वी त्यांनी आपल्यालाच दोन फटके दिले असते, असे आम्हांस वाटते. तेव्हा त्यांना ‘आपले’ म्हणावयाचे तर त्यासाठी जन्माचा दाखला पुरे नाही. त्यांनी जे केले त्यातले थोडे आपण केले, तरच तो शब्द आपल्या तोंडी शोभेल.

ते थोडे म्हणजे काय? गोसीखुर्दच्या काठावर बसून आम्हांस तीन गोष्टी सुचतात, त्या नम्रपणे मांडतो.

पहिली गोष्ट, घरातील जुने कागद टाकू नयेत. जुनी पत्रे, वह्या, लग्नपत्रिका, सभांची इतिवृत्ते, विक्रीच्या पट्ट्या, मागील स्मरणिका, जे असेल ते कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या जागी ठेवावे. ज्यांस ठेवणे शक्य नाही त्यांनी ते समाजाच्या कार्यालयात आणून द्यावे. एक कपाट त्यासाठी राखावे अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. पुनर्वसनात आपली गावे गेली. कागदही गेले तर आपण तेथे होतो याचा पुरावा केवळ सरकारी मोजणीत उरेल, आणि सरकारी मोजणीत आंब्याचे झाड असते, त्याखाली बसून काय बोलले गेले ते नसते.

दुसरी गोष्ट, वर्गणी. समाजात जो कोणी मासिक, पत्रक वा पुस्तक काढतो, त्यास आपण कौतुकाने म्हणतो, “एक प्रत पाठवा हो!” आणि तो पाठवितो. पैसे पाठविण्याचे आपल्या ध्यानी राहत नाही. स्वतंत्रपणे लिहिणाऱ्यास पगार नसतो, निवृत्तिवेतन नसते. त्याचे स्वातंत्र्य आपल्या वर्गणीएवढेच असते. ती थकली की त्याला कोणातरी श्रीमंताच्या दारात उभे राहावे लागते, आणि मग तो जे लिहितो ते आपले राहत नाही. भालेकरांस दुष्काळाने हरविले, ते समजण्यासारखे आहे. सुकाळात आपण कोणा भालेकरास हरवू नये.

तिसरी गोष्ट तरुणांसाठी, आणि विशेषतः मुलींसाठी. आपल्याला लिहिता येत नाही, आपली बोली शुद्ध नाही, आपण खेड्यातले, हे मनातून काढून टाका. झाडीपट्टीची बोली गोड आहे, तिच्यात म्हणी आहेत, गाणी आहेत, नाटकाची परंपरा आहे. आपल्या आजीने जुने गाव सोडताना मागे वळून काय पाहिले, नव्या वसाहतीत पहिल्या रात्री चूल कशी पेटली, वाडी गेल्यावर वांगी विकणाऱ्या बाईने हाताला दुसरे कोणते काम लाविले, हे तुम्ही नाही लिहिणार तर कोण लिहिणार? कथा जमत नसेल तर पत्र लिहा, पत्र जमत नसेल तर गाणे लिहा. मुकुंदरावांनी कोणताही प्रकार परका मानला नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा लेखनासाठी चार पाने राखून ठेवण्याचे संपादक मंडळाने मान्य केले आहे, हे कळविण्यास आम्हांस आनंद वाटतो.

तरवडीस आज मुकुंदरावांचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावे लेखक-कार्यकर्त्यांचा गौरव होतो. ज्या खेड्याने लेखणी सांभाळली, त्या खेड्याची लेखणीनेही लाज राखली. शिर्डी-शिंगणापूरच्या बाजूस आपली मंडळी यात्रेस जातात, त्यांनी वाट थोडी वाकडी करून तरवडीस जावे, मुलांना ते गाव दाखवावे, आणि सांगावे की येथे एक माणूस राहत होता, तो गाव सोडून गेला नाही, आणि तरीही त्याचा आवाज दूरवर गेला.

आम्हांस मात्र अजून एक गोष्ट छळते. वडिलांच्या वहीत वर्गणीच्या हिशेबाखाली ‘दीनमित्र’ असे लिहिले होते. पण त्यापुढील रकान्यात रक्कम भरलेली होती की तो रिकामाच होता, हे आम्हांस आठवत नाही. वडिलांनी वर्गणी भरली होती असेच आम्ही मनाशी धरून चालतो. वही असती तर खात्री झाली असती. ज्यांच्या घरी अशी वही अद्याप आहे, त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर उठावे व ती पेटी एकदा उघडून पाहावी, एवढीच प्रार्थना करून आम्ही लेखणी खाली ठेवतो. इत्यलम्.